फोन सांगतो, पण बांध पाहत नाही



पूर्वी बांधावर गेले की सभासद विचारायचे, "साहेब, डोस किती टाकू?" आता पुष्कळदा डोस टाकून झालेला असतो. कुणी सांगितला म्हणावे, तर उत्तर येते, "फोनला विचारलं की!" गूगलचा बोलका सहायक २०१८ साली मराठी बोलू लागला आणि हळूहळू तो आपल्या शिवारातही आला. त्याविषयी चार शब्द लिहावेसे वाटतात.

फायदा आधी सांगतो. आपल्या बीड जिल्ह्यातील कर्ती माणसे हंगाम आला की कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि लेकरे. जिला आकडा वाचता येत नाही ती आजी "लेकाला फोन लाव" म्हणते आणि फोन लागतो. ही लहान गोष्ट नव्हे. पीएम-किसानच्या हप्त्याची चौकशी करायला केंद्र सरकारने २०२३ साली 'किसान ई-मित्र' सुरू केला. त्यालाही बोलून विचारता येते. तालुक्याची एक खेप वाचते.

आता दुसरी बाजू. गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाने उसातील रुंद पानाच्या तणासाठी फोनला औषध विचारले. फोनने टू-फोर-डी सांगितले. उसापुरते उत्तर बरोबर होते. पण बांधापलीकडे चुलतभावाची कपाशी उभी होती आणि वारा तिकडेच वाहत होता, हे फोनला कोण सांगणार? आठ दिवसांत कपाशीची पाने भेंडीच्या पानासारखी चिरली. दोन घरांचे बोलणे बंद झाले, ते अजून बंदच आहे.

मी त्यांना म्हणालो, "मला विचारायचं होतं." ते म्हणाले, "साहेब, दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाही. त्यानं लगेच सांगितलं." मला खाली पाहावे लागले. मी त्या दिवशी बैठकीत होतो आणि संध्याकाळीही उलट फोन केला नाही. दोष एकट्या यंत्राचा नाही.

खताचेही तसेच. सुरू उसाला हेक्टरी नत्र, स्फुरद, पालाश २५०:११५:११५ किलो, तर आडसालीला ४००:१७०:१७० अशी शिफारस आहे. हंगाम न सांगता नुसते "उसाला खत किती" विचारले, तर उत्तर कुठल्या उसाचे मिळेल? अर्ध्या प्रश्नाला अर्धेच उत्तर.

आणखी एक. असे बोलणे सुधारणेच्या नावाखाली काही कंपन्यांची माणसे ऐकत होती, हे २०१९ साली उघड झाले. तेव्हा बँकेचा आकडा, ओटीपी फोनपुढे मोठ्याने बोलू नये.

माझे स्पष्ट मत असे : पाऊस, बाजारभाव, हप्ता खुशाल फोनला विचारा. पण औषध, तणनाशक आणि खत यांसाठी गट कार्यालयात या, नाहीतर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर विचारा. तिथे माणूस मराठीत बोलतो आणि उलट प्रश्नही विचारतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा. फवारणीआधी शेजाऱ्याला हाक मारा.

आणि आम्ही शेतकी खात्याच्या लोकांनी सभासदाचा फोन उचलला पाहिजे. राहिला, तर त्याच संध्याकाळी उलट केला पाहिजे. मी तरी आता तसे करतो. केला नाही, तर मला बांधावर गाठून जाब विचारा.

— ऊस विकास अधिकारी