उपवासाचं पोट आणि दातांची गुंगी

शिर्डीत गुरुवारचा उपवास घरोघरी असतो. अक्कलदाढ काढायची आहे, गुंगीचं औषध द्यायचं आहे, उपाशीपोटी या, असं डॉक्टरांनी सांगितलं की गुरुवारच सोयीचा वाटणार. पण सकाळी साबुदाण्याची खिचडी खाल्लेलं पोट उपाशी नसतं! तूप आणि दाण्याचं कूट घातलेली खिचडी म्हणजे जड जेवणच. त्यानंतर ८ तास थांबावं लागतं. दूध किंवा दुधाचा चहा घेतला असेल तर ६ तास. नुसतं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. गुंगी खोल गेली की ठसका लागून घसा साफ होण्याची क्रिया मंदावते आणि पोटातलं वर आलेलं अन्न फुफ्फुसात उतरू शकतं. म्हणून काही खाल्लं असेल तर सरळ सांगावं आणि तारीख पुढे ढकलावी. मधुमेह असलेल्यांनी गोळ्या आणि इन्सुलिनचं काय करायचं, ते आदल्या दिवशीच विचारून घ्यावं.

गुंगीने भीती उतरते; दुखू नये म्हणून हिरडीत सुन्न करणारं इंजेक्शन बहुतेक वेळा द्यावंच लागतं. सर्वांत सौम्य प्रकार म्हणजे नाकावरच्या मास्कमधून ऑक्सिजनबरोबर दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड. तो थांबवून नुसता ऑक्सिजन दिला की काही मिनिटांत असर ओसरतो. अमेरिकेतले दंतवैद्य होरेस वेल्स यांनी ११ डिसेंबर १८४४ रोजी हाच वायू हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली होती.

शिरेतून मिडाझोलम दिलं तर मात्र गोष्ट वेगळी. हाक मारल्यावर रुग्ण ओ देतो, पण नंतर त्याला फारसं आठवत नाही. अशा वेळी रुग्णाने बेधडक विचारावं: दाढ काढताना माझ्या श्वासावर लक्ष कोण ठेवणार? बोटाला ऑक्सिमीटर, हाताशी ऑक्सिजन आणि त्यासाठीच थांबलेला प्रशिक्षित माणूस हवाच. एकट्या डॉक्टरने दोन्ही सांभाळणं धोक्याचं. झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, दमा किंवा हृदयविकार असेल, तर लोणीच्या प्रवरा ग्रामीण दंत महाविद्यालयासारखं, शेजारी मोठं रुग्णालय असलेलं ठिकाण बरं.

राहाता-कोपरगावहून मोटारसायकलवर एकट्याने येऊ नये. शिरेतून औषध घेतल्यावर २४ तास गाडी चालवायची नाही, व्यवहाराच्या कागदावर सहीही करायची नाही. मोटारसायकलवर मागे बसणंसुद्धा टाळावं. रुग्ण लहान मूल असेल तर घरी गेल्यावर दोन-तीन तास त्याच्या तोंडाकडे लक्ष असू द्यावं, कारण सुन्न झालेला ओठ मुलं रक्त येईपर्यंत चावतात.