मतमोजणी कोणासाठीं?

“मनाजोगता आंकडा येईपर्यंत मोजत राहिले,” हा आक्षेप अमेरिकेंतील वॉशिंग्टन राज्याच्या २००४ सालच्या गव्हर्नरच्या निवडणुकीवर घेण्यांत आला, आणि चुरशीच्या निवडणुकीनंतर तोच फिरून कानीं पडतो. वरकरणीं तो न्याय्य भासतो. आमच्या मतें तो सर्वस्वीं अग्राह्य आहे.

वाचकांनीं प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, हें वॉशिंग्टन म्हणजे राजधानीचें शहर नव्हे, तर पॅसिफिक किनाऱ्यावरील राज्य होय. तेथील गव्हर्नर आपल्या राज्यपालाप्रमाणें नेमलेला नसतो. तो लोकांनीं निवडलेला, कारभाराचा प्रत्यक्ष धनी असतो. त्या निवडणुकींत सुमारें २८ लक्ष मतें पडलीं. पहिल्या मोजणींत रिपब्लिकन पक्षाचे डिनो रॉसी २६१ मतांनीं पुढें होते. यंत्रांच्या फेरमोजणींत हें आधिक्य ४२ वर आलें. आणि हातांनीं केलेल्या मोजणींत डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टीन ग्रेग्वार १२९ मतांनीं विजयी ठरल्या.

सर्वांत अधिक ओरड झाली ती किंग काउंटीविषयीं. सिअ‍ॅटल शहर ज्यांत मोडतें त्या या काउंटींत शेंकडों टपाली मतें कचेरीच्या चुकीनें नाकारलीं गेलीं होतीं. कारण एवढेंच कीं, मतदारांच्या सह्यांचा नमुना संगणकांत आढळला नाहीं. खुद्द काउंटी मंडळाचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स यांचें मतही त्या ढिगांत होतें! राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २२ डिसेंबरला तीं मतें मोजण्यास मोकळीक दिली. आक्षेपक म्हणतात, मतें ‘अचानक सांपडलीं’. पण तीं हरविलीं कोणीं? मतदारानें खचित नव्हे. मग कारकुनाच्या प्रमादाचें प्रायश्चित्त मतदारानें कां घ्यावें?

रॉसींचा पक्ष न्यायालयांत गेला, हें योग्यच झालें. ६ जून २००५ रोजीं न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांनीं निकाल दिला. १,६७८ मतें बेकायदा पडलीं, हें त्यांनीं मान्य केलें. परंतु तीं ग्रेग्वार यांनाच पडलीं असा पुरावा कोठें होता? अमुक वस्तींतील मतें म्हणून अमुक प्रमाणांत अमुक उमेदवाराचीं, हें त्रैराशिक त्यांनीं साफ नाकारलें. पुराव्यानिशीं चार मतें वजा झालीं, आणि तीं रॉसींच्याच खात्यांतून! आधिक्य १३३ झालें, आणि रॉसींनीं अपील केलें नाहीं.

याचा अर्थ विजयी पक्षानें टेंभा मिरवावा असा मुळींच नाहीं. जेथें बेकायदा मतांची संख्या विजयाच्या आधिक्याच्या बारापट भरते, तेथील मतदारयाद्यांचा कारभार लज्जास्पदच म्हटला पाहिजे. त्याहून आम्हांस खटकते ती गोष्ट निराळी. हातमोजणीसाठीं मागणी करणाऱ्या पक्षास सात लक्ष डॉलरांहून अधिक अनामत भरावी लागली. पक्षाची थैली रिकामी असती, तर ४२ चा चुकीचा आंकडाच कायम झाला असता, आणि तीं टपाली मतें धूळ खात पडलीं असतीं. मतदाराचा हक्क पक्षाच्या तिजोरीवर अवलंबून ठेवणें, ही लोकसत्तेची विटंबना नव्हे काय?

लवकर लागलेला निकाल आणि खरा निकाल यांत निवड करणें आलें, तर आम्ही दुसराच पत्करूं. ज्यास मोजणीचा कंटाळा आला, त्यानें लोकसत्तेची भाषा तरी बोलूं नये.