पाकीट फोडण्याचा अधिकार कोणाला?

टपालाच्या पेटीत पत्र टाकणारा माणूस सरकारशी एक करार करीत असतो. त्या करारावर सही नसते, साक्षीदार नसतो. तरीही बंद केलेले पाकीट पत्त्यावरच्या व्यक्तीखेरीज कोणी उघडणार नाही, हे त्याने गृहीत धरलेले असते. देशभरातील सुमारे १ लाख ६५ हजार टपाल कार्यालयांची खरी पत या विश्वासावर उभी आहे. त्यामुळे टपालातून होणाऱ्या गुन्ह्यांच्या तपासासाठी सरकारला आणि खात्याला किती अधिकार असावेत, हा प्रश्न प्रत्येक पत्रलेखकाचा आणि प्रत्येक पासबुकधारकाचा आहे.

असे अधिकार मुळीच नसावेत, अशी भूमिका कोणी शहाणा माणूस घेणार नाही. पार्सलांतून अमली पदार्थ जातात, खोट्या योजनांची पत्रके जातात, बचत खात्यांत अपहार होतात. अमेरिकेने टपालाद्वारे होणारी फसवणूक हा स्वतंत्र गुन्हा १८७२ मध्येच ठरविला. ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आमिष दाखवून बॉस्टनकरांना लुबाडणारा चार्ल्स पॉन्झी १९२० मध्ये तुरुंगात गेला तो याच कायद्याखाली. तेथील टपाल निरीक्षकांना आरोपीस अटक करण्याचाही अधिकार आहे. परंतु त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७८ मध्येच असे बजावले की, बंद पत्र उघडावयाचे तर घराच्या झडतीप्रमाणेच न्यायालयाचे वॉरंट हवे. अधिकार आणि लगाम यांचा जन्म तेथे अवघ्या सहा वर्षांच्या अंतराने झाला.

रिकामे झालेले पारडे

भारतात १८९८ चा टपाल कायदा परकीय सत्तेने केला. सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी पत्रे अडविण्याची मुभा त्यात होती. मात्र टपाल चोरणाऱ्या कर्मचाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची आणि अधिकाराविना टपाल उघडणाऱ्यासही कैदेची तरतूद त्याच कायद्यात होती. नागरिकाच्या बाजूचे पारडे अगदीच रिते नव्हते. १९८६ मध्ये पत्रे अडविण्याची कारणे वाढविणारे दुरुस्ती विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा देशभर टीका झाली. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही आणि अखेर २००२ मध्ये ते विधेयक मागे घेण्यात आले.

जे १९८६ मध्ये अडले ते २०२३ मध्ये फारशा गाजावाजाविना पार पडले. संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये संमत केलेला नवा टपाल कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला. केंद्र सरकारने अधिकार दिलेला कोणताही अधिकारी आता टपालातील वस्तू अडवू, उघडू वा रोखून ठेवू शकतो. त्यासाठीची कारणे राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था येथपर्यंत थांबत नाहीत. या किंवा अन्य कोणत्याही कायद्याचे उल्लंघन हेही एक कारण आहे. कोणत्याही कायद्याचे! गुन्हा किती गंभीर असावा, याची मर्यादा नाही. आदेशाची फेरतपासणी कोणी करावी, याविषयी कायद्याच्या मजकुरात शब्द नाही. दूरध्वनी चोरून ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पुनर्विलोकन समितीसह निश्चित कार्यपद्धती घालून दिली. पत्राच्या वाट्याला कायद्याने तेवढेही संरक्षण येऊ नये, हे विचित्र होय. नियमांनी ही उणीव भरता येईल, असे म्हटले जाते. परंतु जे नियम शासनच करते ते शासनच बदलू शकते.

त्याच वेळी दुसरे पारडे रिकामे झाले. जुन्या कायद्यातील शिक्षांची कलमे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने वगळली गेली आणि नव्या कायद्यात ती परतली नाहीत. चोरी वा अपहार सामान्य फौजदारी कायद्याने शिक्षापात्र आहेच. परंतु कुतूहलापोटी वा कोणाच्या सांगण्यावरून दुसऱ्याचे पत्र उघडून वाचणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी टपाल कायद्यात आज शिक्षा नाही. उलट, फसवणूक केली नसेल अथवा हेतुपुरस्सर नुकसान, विलंब वा चुकीचा बटवडा केला नसेल, तर सेवेबाबत त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही.

ब्रिटनचा धडा

तपासाचा अधिकार स्वतःच पक्षकार असलेल्या संस्थेच्या हाती गेला म्हणजे काय होते, हे ब्रिटनने पाहिले आहे. १९९९ पासून तेथील पोस्ट ऑफिसने हिशेबासाठी ‘होरायझन’ ही संगणक-प्रणाली आणली. प्रणालीतील दोषांमुळे दिसणारी तूट खरी मानून शाखाचालकांवर अपहाराचे आरोप ठेवण्यात आले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण दोषी ठरले. त्यांपैकी सुमारे ७०० खटले खुद्द पोस्ट ऑफिसने चालविले होते. फिर्यादीही तेच, तपासनीसही तेच आणि पुराव्याचे यंत्रही त्यांचेच. माणसे तुरुंगात गेली, दिवाळखोर झाली, काहींनी जीव दिला. अखेर २०२४ मध्ये संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. भारतातही खेड्यातल्या शाखा डाकपालाचा हिशेब आता यंत्रावरच असतो. यंत्राने दाखविलेली तूट हाच अंतिम पुरावा ठरला, तर त्या अल्पवेतन सेवकाने दाद कोणाकडे मागावी?

यातून निष्कर्ष स्पष्ट आहेत. पाकीट उघडण्याचा आदेश खात्याबाहेरील जबाबदार प्राधिकाऱ्याचा, लेखी, सकारण आणि मुदतीचा असावा व त्याची फेरतपासणी व्हावी. ही तरतूद नियमांत नव्हे, कायद्यातच असावी. अनधिकृतपणे टपाल उघडणे हा पुन्हा गुन्हा ठरावा. खात्याने अंतर्गत चौकशी जरूर करावी, परंतु आरोप ठेवून खटला चालविणे स्वतंत्र यंत्रणेकडेच असावे आणि आरोपीस यंत्रातील सर्व नोंदी पाहावयास मिळाव्यात.

गुन्हेगार पकडण्यासाठी अधिकार लागतात, हे खरे. पण लक्षावधी निरपराध पाकिटांतून एक गुन्हेगार शोधावयाचा असतो, हेही तितकेच खरे. पत हे असे भांडवल आहे की ते जमविण्यास पिढ्या लागतात आणि उधळण्यास एक कलम पुरते.