पात्रतेची ती ओळ बदला

पदवीला विषय कोणताही असो, ज्या विषयात एम.एस्सी. करायची त्याची राष्ट्रीय किंवा विद्यापीठ पातळीवरची प्रवेश परीक्षा जो उत्तीर्ण होईल तो प्रवेशाला पात्र, असे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२५ च्या विनियमांत स्वच्छ लिहिले आहे. जून २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यातही हीच तरतूद होती. तरीही अनेक संख्याशास्त्र विभागांच्या माहितीपुस्तिकेत ‘बी.एस्सी., मुख्य विषय संख्याशास्त्र’ ही ओळ जागची हललेली नाही.

या ओळीचा जाच किती, ते अध्यापकांच्या पत्रांतून दिसते. गणित मेजर आणि संख्याशास्त्र मायनर घेतलेली विद्यार्थिनी अर्ज भरायला बसते. पोर्टलवर ‘मुख्य विषय’ या रकान्यात एकच पर्याय निवडता येतो. गणित निवडले तर अर्ज तिथेच अपात्र ठरतो. संख्याशास्त्र निवडले तर छाननीत गुणपत्रिका जुळत नाही आणि चुकीची माहिती दिल्याचा शेरा पडतो. मायनरसाठी रकानाच नाही, कारण फॉर्म जुन्या, तृतीय वर्षाला एकच विषय असण्याच्या काळातला आहे. मग कॉलेजचे पत्र आणा, समकक्षता आणा. पात्रता कक्ष म्हणतो, हा निर्णय अभ्यास मंडळाचा. अभ्यास मंडळाची बैठक लागते ती प्रवेशाची शेवटची फेरी उरकल्यावर. आयोगाच्याच २०२२ च्या पदवी आराखड्यात मायनरला तीन वर्षांत २४ क्रेडिट आहेत. एवढा अभ्यास करून घ्यायचा आणि प्रवेशाच्या वेळी तो शून्य धरायचा, हा अन्याय आहे आणि तो थांबवणे विभागांच्या हातात आहे.

ज्यांच्या नावाने या विषयात पारितोषिके दिली जातात, त्यांतले किती जण या ओळीतून आत आले असते? महालनोबिस भौतिकशास्त्राचे. फर्ग्युसनमधून १९३२ साली पदवीधर झालेल्या पां. वा. सुखात्मे यांचा मुख्य विषय गणित. कलकत्ता विद्यापीठाने १९४१ मध्ये संख्याशास्त्राचे पदव्युत्तर वर्ग सुरू केले, तेव्हा सी. आर. राव गणिताची एम.ए. घेऊन तिथे दाखल झाले. त्या काळी संख्याशास्त्राची पदवीच नव्हती, हे खरे. पण गणित पक्के असलेल्या विद्यार्थ्याला हा विषय शिकवता येतो, हे तेव्हाच सिद्ध झाले आणि ते आजही तितकेच खरे आहे.

दार उघडायला कचरणाऱ्या अध्यापकांची भीतीही समजून घ्यायला हवी, कारण ती वर्गातल्या अनुभवातून आलेली आहे. पायथनमध्ये रिग्रेशन सफाईने चालवणारा अभियंता पहिल्या सत्रात जॅकोबियनपाशी अडतो आणि अभिसरणाचे चार प्रकार आले की हात टेकतो. त्याच्या अभियांत्रिकी गणितात लाप्लास आणि फूरिए होते, एप्सिलॉन-डेल्टा नव्हते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला लघुत्तम वर्ग ठाऊक असतात, पण मॅट्रिक्सच्या रँकवर तो गडबडतो. गणिताच्या विद्यार्थ्याचे रिअल अ‍ॅनालिसिस उत्तम असते, मात्र सॅम्पलिंग आणि डिझाइन ऑफ एक्स्परिमेंट्सशी त्याची गाठच पडलेली नसते. प्रत्येकाची उणीव वेगळी आहे. नुसत्या बहुपर्यायी परीक्षेवर सर्वांना आत घेऊन राव-ब्लॅकवेलपासून सुरुवात केली तर निम्मा वर्ग दुसऱ्या सत्रापर्यंत मागे पडेल.

पण मुख्य विषय संख्याशास्त्र असलेल्यांचे तरी काय? बी.एस्सी.ला सहा पेपर देऊनही एकसमान अभिसरण कधी न पाहिलेले विद्यार्थी एम.एस्सी.च्या प्रत्येक वर्गात असतात. पदवीच्या नावावरून त्यांची पारख होत नाही, तशी इतरांचीही होत नाही.

अमेरिकेतले बहुतेक संख्याशास्त्र विभाग पदवीच्या नावावर अडत नाहीत. अनेक चलांचे कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा आणि बहुधा प्रॉबॅबिलिटी झाली आहे का, हे विचारतात; पीएच.डी.साठी रिअल अ‍ॅनालिसिसलाही वजन असते. पुण्या-मुंबईचे अभियंते याच वाटेने तिकडे एम.एस.ला जातात आणि इथल्या अनेक विभागांत त्यांना अर्जही करता येत नाही. आपल्याकडचे नमुनेही कमी नाहीत. ‘जॅम’ या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतला मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर ६० प्रश्नांचा, १०० गुणांचा आहे आणि त्यात गणिताला ठरलेला वाटा आहे. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या एम.स्टॅट. परीक्षेचा दुसरा भाग वर्णनात्मक असतो, तिथे उत्तर मांडून दाखवावे लागते. विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत सिद्धता लिहायला लावणारे दोन प्रश्न जरी घातले, तरी उमेदवाराची तयारी कळेल.

म्हणून विभागप्रमुखांना आणि अभ्यास मंडळाच्या सदस्यांना या मासिकाची विनंती आहे. पुढच्या माहितीपुस्तिकेत पदवीच्या नावाऐवजी आवश्यक अभ्यासक्रमांची यादी छापा, त्यांचे किमान क्रेडिट लिहा आणि मायनरचे क्रेडिट त्यात मोजा. पोर्टलवरचा तो रकाना बदलून घ्या. पहिल्या सत्राआधी अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जिब्रा आणि वितरणांचा सेतू अभ्यासक्रम ठेवा. त्यासाठी स्वतंत्र अनुदानाची वाट पाहू नका. निवृत्त अध्यापक शिकवायला तयार होतील, त्यांना विचारा तरी. बैठकीला गैरहजर राहून नंतर परिपत्रकावर नाराजी व्यक्त करणाऱ्या सदस्यांनी या वेळी हजर राहावे. बैठक प्रवेश सुरू होण्याआधी लावा. ज्या विभागाने पात्रतेचा मजकूर बदलला असेल त्याने तो आमच्याकडे पाठवावा. इतरांना उपयोगी पडावा म्हणून तो जसाच्या तसा छापला जाईल.