चौदा जुलै आणि पंधरा ऑगस्ट

पंधरा ऑगस्टच्या सकाळी साडेनऊच्या सुमारास रत्नागिरी शहरात फेरफटका मारला, तर राष्ट्रीय दिनाचे काम आटोपले असल्याचे सहज ध्यानात येते. ध्वजवंदन झालेले असते, पाहुण्यांचे भाषण झालेले असते, मुलांच्या हाती खाऊची पुडी पडलेली असते आणि शाळेच्या फाटकाला कुलूप लागत असते. हजेरीपत्रकावर स्वाक्षरी करून आम्ही शिक्षक मंडळी छत्र्या उघडून घराकडे वळतो. वाटेत जिलेबीच्या दुकानापुढे रांग असते. पुढचा सारा दिवस सुटीचा! देश स्वतंत्र झाल्याचा आनंद दीड तासात साजरा होऊन संपतो आणि त्याची रुखरुख कोणालाही लागत नाही. प्रस्तुत लेखकालाही ती अनेक वर्षे लागली नव्हती. ती लागली परदेशात, दुसऱ्याच्या घरचे कार्य पाहताना.

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादाच्या निमित्ताने जुलै महिन्यात पॅरिसला जाण्याचा योग आला. परिसंवाद संपल्यावर परतीच्या विमानाला दोन दिवसांचा अवकाश होता आणि त्यातच १४ जुलै, म्हणजे फ्रान्सचा राष्ट्रीय दिन, आला. सकाळी शाँझेलिझे या राजमार्गावरील लष्करी संचलन पुढच्या माणसांच्या डोक्यांवरून जेवढे दिसले तेवढे पाहिले. याच मार्गावरून १४ जुलै २००९ रोजी भारतीय सेनादलांची तुकडी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या नेतृत्वाखाली चालत गेली होती आणि तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग प्रमुख पाहुणे म्हणून उपस्थित होते. ही आठवण मराठी माणसाला सुखावणारी खरी. परंतु संचलने आपल्याकडेही होतात आणि दिल्लीचे २६ जानेवारीचे संचलन कोणाहून उणे नाही. नवल वाटले ते सायंकाळनंतरचे.

तेरा आणि चौदा जुलैच्या रात्री फ्रान्समध्ये ठिकठिकाणी अग्निशमन केंद्रांचे दरवाजे नागरिकांसाठी उघडतात आणि तेथे नाच होतो. १९३७ साली मोंमार्त्र भागातील केंद्राकडे संचलन आटोपून परतणाऱ्या जवानांच्या पाठोपाठ लोकांचा घोळका आला, जवानांनी त्याला आत घेतले आणि तेव्हापासून ही प्रथा पडली, असे सांगतात. मी उतरलो होतो त्याच्या जवळच असे एक केंद्र होते. बंब एका बाजूला सरकवून अंगण मोकळे केले होते, वर तिरंगी पताका होत्या आणि कोपऱ्यात वाद्ये वाजत होती. दाराशी एक पिंप ठेवले होते. त्यात ज्याने त्याने इच्छेनुसार नाणी वा नोटा टाकायच्या. तिकीट किती, हे विचारण्याइतके फ्रेंच मला येत नव्हते; म्हणून मी दाराशीच घुटमळत राहिलो. गणवेशातील एका वयस्क जवानाने माझी अडचण ओळखली. त्याने पिंपाकडे बोट दाखविले, खांदे उडविले आणि हसून आत जाण्याची खूण केली. आत आजी नातवाबरोबर नाचत होती, दुकानदार गिऱ्हाइकाबरोबर नाचत होता. माझा देश कोणता, हे मला कोणी विचारले नाही. एका वृद्ध बाईंनी मात्र हात धरून मला सरळ वर्तुळात ओढले. नाचता न येणारा तेथे मी एकटाच नव्हतो, हे पाहून फार बरे वाटले.

त्यानंतर आयफेल मनोऱ्यापाशी होणारे शोभेचे दारूकाम दुरून पाहिले. आकाशातील रोषणाई एकाने पाहिली म्हणून दुसऱ्याच्या वाट्याची कमी होत नाही. अर्थशास्त्रात अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात. वर्गात हा विषय शिकविताना दीपस्तंभाचे उदाहरण देण्याची जुनी परंपरा आहे आणि रत्नागिरीत तर त्यासाठी पुस्तकही उघडावे लागत नाही. रत्नदुर्गाकडे बोट दाखविले की पुरे. परंतु अग्निशमन केंद्राच्या त्या अंगणात जे घडत होते, ते या व्याख्येच्याही पुढचे होते. जहाजांची संख्या वाढली म्हणून दीपस्तंभाचा प्रकाश वाढत नाही. उत्सवाचे तसे नसते. नवा माणूस आत आला की आधी असलेल्यांचा आनंद वाढतो, आणि म्हणूनच परक्यालाही आत ओढण्याची बुद्धी होते.

फ्रेंच माणूस जात्याच रंगेल, त्याच्याशी आपली तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा उत्सव केवळ स्वभावातून उगवलेला नाही. तो जाणीवपूर्वक घडविलेला आहे. बॅस्तिलचा तुरुंग १४ जुलै १७८९ रोजी पडला. त्याला राष्ट्रीय दिनाचा मान कायद्याने मिळाला तो ६ जुलै १८८० रोजी, तब्बल ९१ वर्षांनी. मधल्या काळात त्या देशाने राजे, सम्राट आणि रक्तपात पाहिले होते. बॅस्तिलच्या दिवशी सांडलेल्या रक्ताची अनेक प्रतिनिधींना धास्ती वाटत होती. तेव्हा आंरी मार्तँ या इतिहासकार सिनेटरने १४ जुलै १७९० ची आठवण करून दिली. त्या दिवशी देशाच्या ऐक्याचा मोठा मेळावा भरला होता. कायद्यात अखेर नुसती १४ जुलै ही तारीख आली, साल आलेच नाही. ज्याला १७८९ प्रिय त्याने ते स्मरावे, ज्याला १७९० प्रिय त्याने ते! त्याच जुलैच्या ११ तारखेला, १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये भाग घेतल्याबद्दल शिक्षा झालेल्यांना सार्वत्रिक माफी देणारा कायदाही झाला. उत्सव भरविण्याआधी रुसलेल्यांची समजूत काढावी, हे शहाणपण त्या राज्यकर्त्यांनी दाखविले.

आता आपल्याकडे पाहू. सार्वजनिक उत्सवाचे सामर्थ्य आपल्याला कोणी परक्याने शिकवावे, अशी परिस्थिती नाही. फ्रान्सच्या त्या कायद्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी, १८९३ मध्ये, लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप देण्याची चळवळ हाती घेतली. आणि टिळकांचा जन्म याच रत्नागिरीचा. पुढे २६ जानेवारी १९३० रोजी देशभर पूर्ण स्वराज्याची प्रतिज्ञा घेतली गेली. त्यानंतर १९४७ पर्यंत तो दिवस लोकच पाळीत होते. प्रभातफेऱ्या लोकांच्या होत्या, झेंडे लोकांनी शिवलेले होते आणि सरकार लाठी घेऊन समोर उभे होते. फरक येथेच पडला. फ्रान्समध्ये राष्ट्रीय दिन राज्यसंस्थेने योजला आणि लोकांनी तो उचलला. आपल्याकडे तो लोकांनी घडविला आणि स्वातंत्र्यानंतर शासनाच्या हाती सोपविला. सरकार आपलेच झाले, तेव्हा आता तेच पाहून घेईल, असे म्हणून आपण घरी गेलो. सरकारनेही ते आपल्या पद्धतीने पाहून घेतले. त्याचे परिपत्रक झाले, शिष्टाचार झाला, हजेरी सक्तीची झाली.

या स्थितीत बदल करण्याचे प्रयत्न झालेच नाहीत, असे नाही. २००२ च्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकाला वर्षभर कोणत्याही दिवशी राष्ट्रध्वज लावण्याची मुभा दिली. २०२२ मध्ये, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात, ‘हर घर तिरंगा’ मोहिमेने ध्वज घरोघरी पोहोचविला. हे चांगलेच झाले. मात्र ध्वज गच्चीवर चढला तरी माणसे चौकात उतरली नाहीत. ज्याच्या त्याच्या घरी झेंडा असणे आणि सगळ्यांचा मिळून एक सण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फ्रान्समध्ये सारे आलबेल आहे, असा याचा अर्थ नव्हे. स्थलांतरितांची दाट वस्ती असलेल्या उपनगरांत ऐन चौदा जुलैच्या रात्री मोटारी जाळल्याच्या बातम्या येतात. त्या अंगणात आपल्याला जागा नाही, असे वाटणारेही तेथे आहेत. १४ जुलै २०१६ रोजी नीस शहरात दारूकाम पाहून परतणाऱ्या जमावावर एका माणसाने मालमोटार घातली आणि ८६ जणांचे प्राण गेले. तरीही पुढच्या वर्षी त्या देशाने हा दिवस पाळलाच. उत्सव रुजला आहे की नाही, याची परीक्षा अशा वेळी होते.

आपल्याकडे काय करता येईल? पहिला आक्षेप पावसाचा असेल. परंतु त्याच पावसात, थोड्याच दिवसांच्या अंतराने, कोकणात गणपती येतात आणि वाडीवाडीवर जाखडी रात्रभर रंगते. पावसाने तिला कधी थांबविलेले नाही. दुसरा आक्षेप पैशाचा. शाळेचे सभागृह, चार दिवे, ढोलकी आणि चहा यांना किती खर्च येतो? दाराशी एक पिंप ठेवले तर तोही भागेल. पंधरा ऑगस्टच्या सायंकाळी प्रत्येक प्रभागात एक शाळा उघडी राहावी. तेथे भाषण नसावे, प्रमुख पाहुणे नसावेत. जाखडी, भजन, मुलांची गाणी असावीत. नगर परिषदेने अग्निशमन केंद्र मुलांना दाखवावे. १४ एप्रिल १९४४ च्या मुंबई गोदीतील स्फोटात आग विझविताना साठांहून अधिक जवानांनी प्राण वेचले. त्यांची कहाणी सांगायला याहून चांगली संध्याकाळ कोणती?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. ऑगस्टमध्ये मिरकरवाडा बंदरात मासेमारीची लगबग सुरू झालेली असते. त्या नौकांवर नेपाळमधून आणि परप्रांतांतून आलेले खलाशी असतात. आपल्या ताटातला मासा त्यांच्या श्रमाने येतो, पण पंधरा ऑगस्टला त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नाही. पॅरिसमध्ये त्या रात्री माझी जी अवस्था होती, तीच रत्नागिरीत त्यांची बारा महिने असते. दाराशी उभे राहायचे आणि तिकीट किती, हे विचारायची भाषा नाही. याच गावात १९३१ साली पतितपावन मंदिराचे दार सर्व जातींच्या हिंदूंसाठी उघडले आणि सहभोजनाच्या पंगती बसल्या. आत कोणाला घ्यायचे, हा प्रश्न रत्नागिरीला नवा नाही, आणि त्याचे उत्तर देताना तिने एकदा धैर्य दाखविलेले आहे.

स्वातंत्र्यदिनी भाषण ऐकणाऱ्यांची संख्या हजेरीपत्रकावरून मोजता येते. तो दिवस किती जणांना आपला वाटला, हे मोजायचे तर त्या सायंकाळी अंगणात उभे राहून पाहावे लागेल. त्यासाठी सकाळी साडेनऊला फाटकाला लागणारे कुलूप आधी काढावे लागेल. किल्ली शासनाकडे आहे, असे आपण समजतो. ती बहुधा आपल्याच शाळेच्या शिपायाकडे असते.