सूर्यास्त रात्री साडेनऊला

युरोपच्या सहलीचा विषय जैन घरात निघाला की तिकिटाच्या आधी प्रश्न येतो तो खाण्याचा. त्यावर आजवरचे उत्तर ठरलेले आहे : जैन भोजनाची हमी देणाऱ्या सहल कंपनीबरोबर जावे, बसमधून चार-पाच देश पाहावेत आणि दोन्ही वेळा भारतीय उपाहारगृहात बसून वरण-भात जेवावा. आजी-आजोबांसाठी ही व्यवस्था उत्तमच आहे. परंतु बरोबर पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी असेल, तर ती अपुरी पडते. त्या वयाला बसच्या काचेतून दिसणारा युरोप नको असतो. ट्रामने हिंडावे, चौकात बसावे आणि त्या चौकात सगळे जे खात आहेत ते आपणही खावे, असे त्या वयात वाटते. खरी अडचण येथे सुरू होते.

अशा कुटुंबाने पाच शहरांचा हव्यास सोडून एकाच शहरात मुक्काम करावा आणि ते शहर बेल्जियममधील अँटवर्प असावे. हिऱ्यांच्या व्यापारामुळे हे नाव आपल्या समाजाला परके नाही. मूळच्या पालनपूरच्या अनेक जैन कुटुंबांनी तेथे पेढ्या थाटल्या आणि शहराच्या विलराइक या उपनगरात शंखेश्वर पार्श्वनाथाचे संगमरवरी मंदिर उभारले. पूजेची वस्त्रे सामानात अवश्य न्यावीत. मुलांसाठी तेथे प्लांटिन-मोरेटस संग्रहालय आहे. जगातील सर्वांत जुन्या छापयंत्रांपैकी दोन तेथे जपलेली आहेत. आगगाडीने ब्रुसेल्स पाऊण तासावर, गेंट तासाभरावर. पॅरिसही एका दिवसात पाहून परतता येते. रोज रात्री त्याच घरी, त्याच स्वयंपाकघराशी परतायचे, हा या बेताचा मोठा लाभ.

ऋतू निवडताना पंचांगाइतकेच सूर्याकडे पाहावे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात अँटवर्पला सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि मावळतो रात्री साडेनऊला. नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे साडेसहाला संपतात, आणि चौविहार पाळणाऱ्यालाही दिवसभर हिंडून, घरी येऊन, निवांत जेवता येते. हीच सहल दिवाळीच्या सुट्टीत काढली, तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सूर्यास्त सव्वापाचलाच होतो, डिसेंबरच्या अखेरीस तर पाचच्याही आत. संग्रहालयाचे दार बंद होण्यापूर्वी जेवणाची वेळ टळते आणि मग चिडचिड होते, ती मुलाचीच होते असे नाही. (मुंबईच्या घड्याळाप्रमाणे चौविहार पाळण्याची सूचना कोणी केल्यास ती नम्रपणे नाकारावी, व्रत सूर्याशी बांधलेले आहे, घड्याळाशी नाही.)

सामानाच्या बाबतीत एक नियम पुष्कळांना विमानतळावरच कळतो. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशाला दुग्धजन्य पदार्थ आणता येत नाहीत. घरचे तूप, पनीर, खवा यांपैकी काहीही पेटीत ठेवू नये. ताज्या भाज्या, कढीपत्ता आणि बहुतेक फळे यांनाही प्रमाणपत्रावाचून प्रवेश नाही. खाखरे, कोरडे मसाले, मूगडाळ आणि तांदूळ हा शिधा मात्र पुरेसा न्यावा. दूध, लोणी, दही तेथे उत्तम मिळते. मुक्कामाचे घर ठरवताना शेगडी कोणती आहे हे विचारून घ्यावे. ती इंडक्शनची असल्यास ॲल्युमिनियमचा साधा कुकर निरुपयोगी ठरतो. चुंबक चिकटेल असा पोलादी तळाचा कुकर लागतो. विमानात प्रत्येक टप्प्यासाठी ‘व्हीजेएमएल’ या संकेताचे जैन भोजन आधीच नोंदवावे. ‘हिंदू भोजन’ या नावावर विसंबू नये, त्यात मांस असू शकते.

तेथील दुकानांत वेष्टने वाचण्याचे काम घरातील किशोरवयीन मुलाकडेच सोपवावे. भ्रमणध्वनीवर भाषांतर करण्यात तोच सर्वांत तरबेज असतो. युरोपीय संघाच्या कायद्याने चौदा ॲलर्जीकारक पदार्थ घटकसूचीत ठळक छापावे लागतात. त्यांत अंडे, दूध व मासे आहेत. कांदा, लसूण, बटाटा नाहीत. ठळक अक्षरे पाहून थांबणे म्हणूनच पुरेसे नाही. अँटवर्पच्या डच भाषेत तर अंडे आणि कांदा हे दोन्ही शब्द केवळ दोन अक्षरांचे. अंड्याचा रोमन ‘ई’ने सुरू होतो, कांद्याचा ‘यू’ने, आणि दुसरे अक्षर दोहोंत ‘आय’. चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन, लाल रंगाच्या मिठाईत कीटकांपासून केलेला ‘ई-१२०’ हा रंग, पार्मेझान चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट, एवढे तरी पाठ असावे.

तरीही चौकातील मोह तीन राहतातच : वॉफल, तळलेला बटाटा आणि चॉकलेट. वॉफलच्या पिठात अंडे असते. बटाट्याबाबत अनेक घरांत मुलांना सवलत असते. पण बेल्जियममध्ये तो तळण्याची जुनी रीत गाईच्या चरबीत तळण्याची आहे, आणि आजही अनेक ठिकाणी ती पाळतात. ही गोष्ट मुलाला मुंबईतच सांगावी, दुकानासमोर नव्हे. चॉकलेटमधील सारणात मद्य, अंडे किंवा जिलेटिन नाही एवढे विचारून घेतले की चॉकलेट मनसोक्त खाता येते, आणि त्या शहरात चॉकलेटला तोटा नाही.

सौद्याच्या अटी माल उचलण्यापूर्वी ठरतात, तशी एक बैठक तिकिटे काढण्यापूर्वी घरात व्हावी. मांस, मासे, अंडे हा घराचा नियम; तो सर्वांचा, सर्वत्र. कंदमूळ, तिथीची हिरवी भाजी, चौविहार यांपैकी सहलीत कोणते पाळणार, हे मात्र मुलाला विचारावे आणि त्याचे उत्तर ऐकून घ्यावे. पच्चक्खाण ज्याचे त्याने घ्यायचे असते. आईवडिलांनी परस्पर ठरवलेला नियम मूल घरी पाळते आणि परक्या चौकात चोरून मोडते. त्यात बटाट्याच्या चार फोडींपेक्षा अधिक काही हातचे जाते, कारण पुढे ते खरे सांगेनासे होते. उलट, स्वतः स्वीकारलेला नियम सोळाव्या वर्षी मूल कित्येकदा मोठ्यांहून कडक पाळते, आणि वडिलांच्या हातातील बिस्कीट उलटे करून मागची सूची वाचते.

सहलीत दिवसातून दोन-तीन तास मुलाला एकट्याने हिंडू द्यावे, खर्चाला थोडे युरो द्यावेत आणि परतल्यावर काय खाल्ले याची उलटतपासणी करू नये. त्याने आपण होऊन काही सांगितलेच, तर जेवण चालू ठेवून ऐकावे. सायंकाळच्या प्रतिक्रमणाला बसायचे की नाही, हेही त्या दिवशी त्याच्यावर सोडावे.