विचारलंच नाही, तर येणार कोण?

मा. संपादक,


‘ब्रिटनमधले आशियाई आणि कृष्णवर्णीय लोक फुप्फुसांच्या संशोधनात यायलाच तयार नसतात’ हा गेल्या अंकातील लेखाचा दावा टिकणारा नाही. डेव्हिड वेंडलर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली २० अभ्यासांतल्या ७० हजारांहून अधिक लोकांचे होकार-नकार तपासले. विचारल्यावर होकार देण्यात वर्णगटांमधला फरक जेमतेम निघाला.

‘भाषेची अडचण किरकोळ’ हे तर घरात बसून लिहिलेले वाक्य आहे. माझ्या सासूबाईंना दमा आहे. अभ्यासाचे बोलावणे आले ते आठ पानी, इंग्रजीत. दुभाष्याचा उल्लेख नाही, वेळ दुपारी तीनची, म्हणजे नातवाला शाळेतून आणण्याची. त्यांनी नकार दिलाच नाही. तो कागद महिनाभर फ्रिजवर चुंबकाखाली होता.

अनुवादाला पैसा लागतो, एवढे मान्य. तो संशोधनाच्या अंदाजपत्रकातच धरायचा असतो.

वगळण्याची किंमत मात्र लेखात कुठेच नाही. श्वासक्षमता मोजण्याच्या २०१२ च्या जागतिक सूत्रांत भारतीय उपखंडाला स्वतंत्र गट नव्हता; आमची सोय ‘इतर’मध्ये. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरमधून कृष्णवर्णीय रुग्णांची ऑक्सिजनची कमतरता गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा निसटते, हे अमेरिकेत २०२० मध्ये दिसले. यंत्रे आधी कोणावर पारखली, हा प्रश्न लेखकाला का पडला नाही?

पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी.

— एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)